माजी विद्यार्थिनी मेळावा, कोल्हापूर : कामाच्या नोंदी

१८ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

दसरा झाला, आता मेळाव्याच्या कामाला हात घातला. आमच्या मुलींच्या कॉलेजच्या ग्रंथालयात समितीची बैठक झाली आणि तारीख पक्की केली : ११ आणि १२ जानेवारी २०२५, शनिवार-रविवार. तोपर्यंत दिवाळी, विधानसभेची निवडणूक आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षा उरकलेल्या असतील. मे महिन्यात परगावच्या जास्त येतील असं दोघींचं म्हणणं होतं. पण मे म्हणजे लग्नसराई, आणि लग्नघरातल्या बाईला दोन दिवस मोकळे मिळत नाहीत. संक्रांत १४ तारखेला आहे, म्हणजे तिळगूळही मेळाव्यातच देता येईल.

माझ्याकडे उपक्रम आणि निमंत्रणं अशी दोन्ही कामं आली आहेत.

कार्यालयानं पदवीधरांची यादी काढून ठेवली होती. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा भाग आहे, त्यासाठी ती बनवलेली. यादी नेटकी आहे, पण तिच्यात फक्त टी.वाय., म्हणजे तिसरं वर्ष, पास झालेल्या आहेत. आमच्या वर्गात एफ.वाय.ला जेवढ्या मुली होत्या तेवढ्या टी.वाय.ला नव्हत्या. दर उन्हाळी सुट्टीनंतर काही बाक रिकामे दिसायचे. कुणाचं लग्न ठरलेलं असायचं, कुणाचे वडील वारलेले, कुणाच्या धाकट्या भावाची फी आधी भरायची असायची, तर कुणाच्या गावची मुक्कामी एसटी बंद झालेली. त्या मुली या महाविद्यालयाच्या नव्हेत का? मी बैठकीत एवढंच मांडलं की ज्यांनी इथे प्रवेश घेतला त्या सगळ्या आमच्या, आणि निमंत्रण सगळ्यांना जावं. थोडी चर्चा झाली. संख्या वाढेल, खर्च वाढेल, पत्ते कुठून आणायचे हे प्रश्न खरेच होते. शेवटी प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "जनरल रजिस्टर काढा." तिथे विषय मिटला.

२४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

जनरल रजिस्टरं कपाटातून बाहेर आली. जुन्या खंडांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या आहेत, पण अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. या शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "पालकांच्या इच्छेनुसार" असं लिहिलंय. ओळीमागून ओळी तेच वाचत गेलं की हात थांबतो.

नियम ठरवला : नकलून घ्यायचं ते फक्त नाव, गाव आणि प्रवेशाचं वर्ष. जात, गुण, शेरा यांतलं काही वहीत उतरवायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. हे काम करणाऱ्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलींना कारण नीट समजावून सांगितलं, आणि त्यांनाही ते पटलं.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

रजिस्टरमधलं नाव माहेरचं. आज ती बाई दुसऱ्या आडनावानं कुठल्या गावात नांदते हे रजिस्टर सांगत नाही. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात, मग तर फेसबुकवरही शोधता येत नाही. शोधायचा रस्ता एकच, तिचं माहेर. आणि वर्षातून ज्या दिवशी ती माहेरी सापडण्याची खात्री जास्त तो हाच दिवस.

गेल्या आठवड्यात यादीचे गावनिहाय तुकडे केले होते. कागल, मुरगूड, गडहिंग्लज, राधानगरी, शिरोळ, हातकणंगले, जिथली विद्यार्थिनी तिच्या हातात तिथली पानं. सकाळच्या वेळी गावच्या दूध संस्थेत जाऊन बसा असं सांगितलं होतं. जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत, धार घालायला घरटी एक माणूस येतंच. "अमक्याची थोरली लेक, कॉलेजला जात होती, आता कुठं दिलीय?" एवढं विचारलं की चार जण सांगायला पुढे येतात. भावाकडे बहिणीचा नंबर असतोच.

संध्याकाळपासून फोनवर निरोप यायला लागले. एका मुलीनं आपल्या सख्ख्या चुलतीचंच नाव यादीत पाहिलं. काकी कॉलेजला गेली होती हे घरात कुणी तिला कधी बोललं नव्हतं.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदान. बरेचसे प्राध्यापक निवडणुकीच्या ड्यूटीवर, काम बंद.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

छातीवर लावायच्या बिल्ल्यांचा मसुदा झाला. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात कॉलेजातलं नाव आणि माहेरचं आडनाव, खाली लहान अक्षरात आजचं नाव, ते ज्या बाईला हवं असेल तिनंच लिहायचं. मैत्रीण ओळखायची तर ती पहिल्या ओळीवरूनच.

त्याहून महत्त्वाचं, बिल्ल्यावर उत्तीर्ण झाल्याचं वर्ष नाही. प्रवेशाचं वर्ष टाकायचं. बसायची व्यवस्था, वर्गांच्या गप्पा, फोटो, सगळं प्रवेशाच्या वर्षानुसार. १९८८ला आत आलेल्या सगळ्या एका वर्गात, मग कुणी एम.ए. केलेलं असो की पहिल्या दिवाळीनंतर कॉलेज सोडलेलं. हे एक ठरलं आणि पुढची किती तरी कामं आपोआप सुटली. नोंदणी अर्जातला "पदवी" हा रकानाही काढून टाकला.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

आजची बैठक लांबली, आणि लांबायलाच हवी होती. विषय हळदीकुंकवाचा. संक्रांत तोंडावर, बायकांचा मेळावा, म्हणजे हळदीकुंकू हवंच असा एक आग्रह. मागच्या मेळाव्यात ते झालं होतं. तेव्हा मागच्या रांगेतल्या काही जणी हळूच उठून व्हरांड्यात गेल्या होत्या, हे आमच्या ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं.

मग हेरवाडचा विषय निघाला. शिरोळ तालुक्यातलं हे गाव, आपल्याच जिल्ह्यातलं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेनं जायला सांगितलं. त्याही आधी, १९१७ साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केलेला. एवढा वारसा असलेल्या जिल्ह्यातल्या मुलींच्या कॉलेजनं आपल्याच काही मुलींना व्हरांड्यात उभं करावं, हे मला सहन होण्यासारखं नाही, आणि मी ते तसंच बोलले.

ठरलं असं : दारात प्रत्येकीला तिळगूळ, गजरा आणि बिल्ला. कुंकवाची कोयरी टेबलावर ठेवायची, जिला लावायचं ती लावेल, कुणी कुणाला विचारणार नाही. वाण म्हणून कापडी पिशवी आणि वही. हळदीकुंकवाचा आग्रह धरणाऱ्या ज्येष्ठ बाई सुरुवातीला नाराज होत्या, पण गजरे त्यांनीच अंगावर घेतले.

२१ डिसेंबर २०२४, शनिवार

वेळापत्रक. हे काम एसटीचं वेळापत्रक पुढे ठेवूनच करावं लागतं. राधानगरी, आजरा, चंदगडकडच्या बायकांना अंधार पडायच्या आत गाडीत बसायचं असतं. उसाचा हंगाम चालू आहे, कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता अडतो, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेळ धरायचा. म्हणून शनिवारी मुख्य कार्यक्रम दहा ते साडेतीन. त्यानंतरचं सगळं मुक्कामाला राहणाऱ्यांसाठी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ही गोष्ट निमंत्रणावर मुद्दाम छापली. येण्या-जाण्याचा खर्च आधी नवऱ्याकडे मागावा लागणाऱ्या बाईला ती ओळ उपयोगी पडते.

भाषणं दोनच, दहा-दहा मिनिटांची. सत्कार नाहीत. त्यावरून थोडी कुरबूर झाली, पण सत्कार ठेवले की अर्धा दिवस शाल-नारळात जातो आणि ज्या बोलायला आलेल्या असतात त्या ऐकत बसतात.

उपक्रम असे : प्रवेशवर्षानुसार वर्गातल्या गप्पा, मैदानावर झिम्मा-फुगडी आणि खो-खो, जुन्या गॅदरिंगच्या फोटोंचं प्रदर्शन, आठवणी रेकॉर्ड करण्याची खोली, शनिवारी रात्री वसतिगृहाच्या मेसमध्ये फिशपाँड, रविवारी सकाळी शहरातली फेरी आणि नंतर "राहिलेलं शिक्षण" हे माहितीचं टेबल. या टेबलासाठीच माझा सगळा जीव आहे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. कॉलेजचा कार्यक्रम झाल्यावर मुलींना घेऊन रविवारच्या फेरीची तालीम केली. दसरा चौकातून सुरुवात, शाहू महाराजांच्या पुतळ्यापासून. तिथे बोर्डिंगांची गोष्ट सांगायची : १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी, एकेक करत कोल्हापूर वसतिगृहांचं गाव झालं. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठे, हा प्रश्न महाराजांनी आधी सोडवला. एका मुलीनं विचारलं, "आणि मुली कुठं राहायच्या?" हाच प्रश्न फेरीत घ्यायचा असं ठरवलं.

पुढे सीपीआर रुग्णालय. जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. इथे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शाळांचं काम बघायच्या, आणि लेकीला डॉक्टर होण्यासाठी महाराजांचा पाठिंबा मिळाला. तिथून भाऊसिंगजी रोडनं भवानी मंडप. तिथे महाराजांच्या सून इंदुमतीदेवींबद्दल बोलायचं. १९१८ साली त्यांचे पती राजपुत्र शिवाजी यांचा शिकारीत अपघाती मृत्यू झाला, तेव्हा इंदुमती अगदी लहान होत्या. राजघराण्यातली विधवा सून, तिला शिकवायला घरातूनच विरोध होता. महाराजांनी तो मानला नाही, सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली. शिक्षण मध्येच तुटू नये म्हणून कुणी तरी मागे उभं राहिलं की काय होतं, हे सांगायला मला यापेक्षा जवळचं उदाहरण माहीत नाही.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

मंडप, पाण्याचे जार, बिल्ले वर्षवार लावून झाले. मैदानावरचे खडे वेचून घेतले, अनवाणी फुगडी घालणाऱ्या आहेत. वसतिगृहात गाद्या टाकल्या.

११ जानेवारी २०२५, शनिवार

सकाळच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईकडच्या आल्या. स्टेशनवर मुली घ्यायला गेल्या होत्या. नऊलाच फाटकाशी गर्दी. नाष्ट्याला मिसळ, कट वेगळा आणि सोबत ब्रेडच. पाव दिला असता तर जुन्या मुलींनी तिथेच हिशेब मागितला असता.

वर्गांमध्ये गेल्यावर पहिला अर्धा तास कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. १९८४च्या वर्गात एक बाई दारातच उभी होती. हातात निमंत्रण, पण आत पाऊल टाकेना. मी जवळ गेले तर म्हणाली, "मी पास न्हाई झालो बरं का. एस.वाय.ला सोडलो. चुकून आलंय काय हे कार्ड?" मी काही बोलायच्या आत आतून एकीनं तिचं माहेरचं नाव घेऊन हाक मारली, आणि तिला ओढून तिसऱ्या बाकावर नेऊन बसवलं.

झिम्मा-फुगडीला मैदान भरलं. बसफुगडी, काटवट काणा, पिंगा, शेवटी सूप आणि घागर. शहरात नोकरी केलेल्यांना पहिल्या दोन ओळींपुढे गाणी येत नव्हती, सुरुवात करून द्यायला पुढे झाल्या त्या भुदरगड-आजऱ्याकडच्या. पंचमीला, गौरीला ही गाणी त्या दरवर्षी गातात. एका निवृत्त प्राध्यापिकेनं वही काढून तिथेच लिहून घ्यायला सुरुवात केली. सांगणारी तिची विद्यार्थिनी, फक्त एक सत्र शिकलेली. दोघी बराच वेळ मंडपाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. पुढच्या वेळी हा तास दुप्पट करायचा.

खो-खोत गुडघे दुखणाऱ्यांनी पंचगिरी केली. जेवायला झुणका, भाकरी, खर्डा, दही. भाकरी बचत गटाच्या बायकांनी तिथेच थापल्या.

आठवणींच्या खोलीत रांग लागली. आधी संमतीपत्र, मग तीनच प्रश्न : पहिल्या दिवशी कॉलेजला सोबत कोण आलं होतं, कशानं यायचात, शेवटचा दिवस कसा होता. तिसऱ्या प्रश्नावर अनेकींना वेळ लागतो. मुलींना सांगून ठेवलं होतं की मध्ये बोलू नका, फोन चालू राहू द्या. एकीनं सांगितलं की शेवटच्या दिवशी तिला माहीतच नव्हतं तो शेवटचा आहे. ती उद्याची प्रॅक्टिकलची वही मैत्रिणीकडे देऊन गेली, आणि घरी पाहुणे बसले होते. ज्या मैत्रिणीकडे वही दिली तीही आज आली होती. रेकॉर्डिंग ग्रंथालयात राहील, बोलणारीच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही.

रात्री फिशपाँड. मेसमध्ये आवाज इतका की रेक्टर मॅडम दोनदा डोकावल्या, तिसऱ्यांदा येऊन बसल्याच.

१२ जानेवारी २०२५, रविवार

फेरी साडेसातला निघाली, थंडी होती. सीपीआरसमोर एक निवृत्त सिस्टर पुढे आल्या, त्यांनी तिथेच नोकरी केलेली. बोलायचं काम त्यांच्याकडेच दिलं. मुलींनी पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं, आणि ते बरंच झालं. भवानी मंडपात इंदुमतीदेवींची गोष्ट मात्र आमच्या एफ.वाय.च्या मुलीनं सांगितली, न अडखळता. काही जणी तिथूनच अंबाबाईच्या दर्शनाला गेल्या.

अकरापासून माहितीचं टेबल. मनात धाकधूक होती की सगळ्यांसमोर या टेबलाशी येऊन बसायला कुणाला संकोच वाटेल, म्हणून ते मंडपात न ठेवता ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत लावलं होतं. बायका एकट्या आल्याच नाहीत, मैत्रिणींना घेऊन आल्या. कुणाची सून सोबत, कुणाची लेक.

सांगितलं ते थोडक्यात असं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, मुख्यालय नाशिकला, विभागीय केंद्र कोल्हापुरात. बारावी झालेली असेल तर बी.ए., बी.कॉम.ला थेट प्रवेश घेता येतो, वयाची वरची अट नाही, रोज वर्गात बसावं लागत नाही. शिवाजी विद्यापीठाचंही दूरशिक्षण केंद्र आहे. जुन्या काळी पास झालेले पेपर आज धरले जातात का, हे प्रत्येकीचे कागद बघूनच ठरतं, कारण अभ्यासक्रम अनेकदा बदलले. म्हणून कुणालाही तोंडी आश्वासन दिलं नाही, नावं आणि वर्षं लिहून घेतली.

खरी अडचण कागदांची. कॉलेजच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. दोन्ही बाई एकच हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. जुन्या लग्नांची नोंदणी बहुतेकींनी केलेलीच नाही. शिरोळकडच्या काही जणींचे कागद २०१९च्या महापुरात गेले. तिथे पुन्हा जनरल रजिस्टर कामाला आलं. प्रवेशाची नोंद आहे म्हणजे कॉलेज दाखल्याची दुय्यम प्रत देऊ शकतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून अर्ज द्यायचा. बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मंडळाच्या विभागीय कार्यालयातून मिळते, तेही कोल्हापुरातच आहे.

कालची दारात थांबलेली बाई आज टेबलाशी आली. पर्समधून ग्रंथालयाचं जुनं कार्ड काढून ठेवलं. "हे चालतंय काय पुरावा म्हणून?" पुरावा म्हणून ते चालत नाही, पण त्यावरचा नोंदणी क्रमांक रजिस्टरशी जुळला आणि तिची नोंद आम्हाला लगेच सापडली. तिनं घरच्या दूध संस्थेचे हिशेब बरीच वर्षं लिहिलेत. बी.कॉम. करायचं म्हणते.

समारोपात भाषण नव्हतं. देणगीपेटीतली रक्कम कशासाठी वापरायची यावर हात वर करून मत घेतलं. वाचनकक्षाला पंखे हा एक पर्याय होता, दुसरा प्रवासखर्चाचा निधी, चालू वर्षातल्या ज्या मुलीचं शिक्षण बसच्या पासावाचून अडतंय तिच्यासाठी. पुन्हा मोजायची गरज पडली नाही इतके हात दुसऱ्या पर्यायाला वर झाले.

२० जानेवारी २०२५, सोमवार

हिशेब लेखापरीक्षकांकडे दिले. मंडपवाल्यांचे आणि भाकरीच्या बचत गटाचे पैसे चुकते केले. फोटो प्रवेशवर्षानुसार फोल्डर करून पाठवले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी छापील प्रती काढायच्या आहेत, त्या गावच्या विद्यार्थिनींच्या हाती जातील.

प्राचार्य मॅडमशी बोलले : दर वर्षी जूनमध्ये सुट्टीनंतर ज्या मुली परत आल्या नाहीत त्यांची यादी पंधरा दिवसांत काढायची आणि माजी विद्यार्थिनी संघानं त्यांच्या घरी जायचं. तालुक्यातालुक्यात आता आमच्या ओळखीच्या बायका आहेत, शब्द टाकायला त्या पुढे येतील. संघाच्या पुढच्या सभेपुढे हा विषय ठेवते.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

दुय्यम दाखल्यांचे पहिले अर्ज कार्यालयात जमा झाले, शिरोळचे सर्वांत आधी. विवाह नोंदणीबाबत वकील असलेल्या दोन माजी विद्यार्थिनी विनामूल्य मदत करायला तयार आहेत. मुक्त विद्यापीठाचे प्रवेश उन्हाळ्यानंतर सुरू होतील, तोवर प्रत्येकीची फाईल पूर्ण व्हायला हवी.

राहिलेली कामं : रजिस्टरच्या वाळवी लागलेल्या खंडांची बांधणी, फुगडीच्या गाण्यांची वही टाईप करणं, रेकॉर्डिंगच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणं, आणि यादीतल्या ज्या नावांचा अजून पत्ता लागलेला नाही त्यांची गावं पुन्हा वाटणं. कागदपत्रांसाठीची बैठक १५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी अकराला ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत. येताना मूळ कागद, दोन झेरॉक्स आणि फोटो आणावेत असा निरोप सगळ्यांना गेला आहे.